पाच मिलिमीटरची सीमा

अमरावतीजवळच्या नांदगाव पेठच्या औष्णिक वीज प्रकल्पात प्रत्येकी २७० मेगावॉटचे पाच संच आहेत. एकूण क्षमता १,३५० मेगावॉट. तिथली वीज ४०० किलोव्होल्टच्या वाहिन्यांवर चढते, राज्याच्या जाळ्यात मिसळते आणि एकेका उपकेंद्रातून खाली उतरत शेवटी एखाद्या गल्लीतल्या डीपीवरून २३० व्होल्ट होऊन घरात शिरते. या वाटेवर माणूस आणि वीज यांच्यात किती अंतर हवे हे टप्प्याटप्प्याने ठरवून दिलेले आहे. ४०० किलोव्होल्टची तार जमिनीपासून किमान ८.८४ मीटर वर असावी लागते. तिच्याखाली तूर उभी असो की संत्र्याची बाग, तो आकडा बदलत नाही. त्या अंतरासाठी मनोऱ्याची उंची, तारेचा झोळ, उन्हाने तिचे ताणणे, सगळ्याचा हिशेब होतो.

घरातल्या मीटरच्या पुढे हा हिशेब कोण ठेवतो? तिथल्याच एमआयडीसीतल्या कापड कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्या चौघांनी भाड्याने घेतलेली एक खोली डोळ्यांसमोर आणा. भिंतीत एकच पॉइंट. त्यावर कूलर, टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स, वायफायचा राउटर आणि चार मोबाइल. एवढे सगळे एका पॉइंटवर चालवायचे तर एक्स्टेन्शन बोर्डाशिवाय गत्यंतर नाही. आता जे बोर्ड मिळतात त्यांत तीन-चार सॉकेटांच्या शेजारी यूएसबीची दोन तोंडे असतात. काहींवर टेलिफोनच्या किंवा इंटरनेटच्या तारेचीही तोंडे असतात, आत एका बाजूने तार येते, दुसऱ्या बाजूने संगणकाकडे जाते. बाजारात त्याला कोणी बोर्ड म्हणते, कोणी स्पाइक गार्ड.

साध्या बोर्डात एकाच जातीची वीज असते. हात लावायचा नाही, एवढा एकच नियम तिथे पुरतो. यूएसबीचे तोंड बसले की त्याच पेटीत दुसऱ्या जातीची वीज येते: ५ व्होल्टची, हात लावायची, लहान मुलाने केबलचे टोक तोंडात घातले तरी इजा होऊ नये अशी. २३० व्होल्ट आणि ५ व्होल्ट एकाच प्लास्टिकच्या कवचात, एकाच छोट्या पट्टीवर शेजारी राहतात. त्यांच्यामधली सीमा किती रुंद असावी आणि ती कशाने राखावी, हाच या बोर्डाच्या सुरक्षा-मानकांचा गाभा आहे. बाकीच्या सगळ्या अटी तिच्या अवतीभवती आहेत.

ती सीमा आतून कशी दिसते ते पाहू. २३० व्होल्टची वीज आधी एकदिश केली जाते; तिथे ती सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत चढते. मग एक इलेक्ट्रॉनिक स्विच तिला सेकंदाला हजारो वेळा तोडतो-जोडतो आणि बोटाच्या पेराएवढ्या ट्रान्सफॉर्मरमध्ये सोडतो. ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडच्या गुंडाळीत ५ व्होल्ट तयार होतात. दोन गुंडाळ्यांमध्ये तांब्याचा कुठेही संबंध नसतो. ऊर्जा चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जाते. पलीकडे व्होल्टेज बरोबर आहे का हा निरोप अलीकडे आणायचा असतो, तोसुद्धा ऑप्टोकप्लर नावाच्या सुट्या भागातून उजेडाच्या रूपाने येतो. चांगला चार्जर उघडला तर छापील पट्टीवर या दोन भागांच्या मधोमध एक रिकामा पट्टा दिसतो, आणि बऱ्याचदा पट्टीला तिथे आरपार खाच मारलेली असते.

त्या रिकाम्या पट्ट्याचे माप मानकात आहे. माहिती-तंत्रज्ञानाच्या उपकरणांसाठी भारतात आयएस १३२५२ (भाग १) हे मानक लागू झाले; ते आयईसी ६०९५०-१ या आंतरराष्ट्रीय मानकावर बेतलेले आहे, आणि त्याची जागा आता आयएस/आयईसी ६२३६८-१ घेत आहे. २३० व्होल्टच्या उपकरणात, साधारण स्वच्छ घरगुती हवेत, नेहमीच्या प्लास्टिकवरून मोजले तर वीज आणि माणूस यांच्यात पृष्ठभागावरून किमान ५ मिलिमीटर वाट हवी, आणि हवेतून सरळ मोजले तर ४ मिलिमीटर. ही दुहेरी सुरक्षिततेची मापे आहेत. एकेरी आवरणाला याच्या निम्मी चालतात. पण यूएसबीच्या तोंडाला माणसाचा हात लागणारच, म्हणून एक आवरण फसले तरी दुसरे उभे राहील एवढी जागा मागितली आहे. मग त्या सीमेवर ३,००० व्होल्ट लावून पाहतात. तिथे ठिणगी पडली तर तो नमुना नापास.

पाच मिलिमीटर म्हणजे ज्वारीच्या एका टपोऱ्या दाण्याएवढी जागा. स्वस्त चार्जर बनवणारा पहिली काटछाट इथेच करतो, कारण ती बाहेरून दिसत नाही. पट्टी लहान केली, खाच मारली नाही, ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळ्यांमध्ये टेपचा एक थर कमी दिला, तरी मोबाइल तितकाच चार्ज होतो. काही महिने, कदाचित काही वर्षेही. २०१६ मध्ये यूएल या अमेरिकी चाचणी संस्थेने ॲपलच्या नावाने विकले जाणारे ४०० बनावट चार्जर तपासले. तीन सोडून सगळे नापास झाले, आणि बारा असे होते की त्यांच्यामुळे जीवघेणा झटका बसू शकला असता. त्याआधी २०१३ मध्ये चीनमध्ये चार्जिंगला लावलेला फोन हाताळताना एका तरुणीचा मृत्यू झाला. बनावट चार्जरचा संशय व्यक्त झाला आणि ॲपलने इतरांचे चार्जर परत घेऊन आपले सवलतीत देण्याची योजना आणली. मोबाइलच्या सुट्या चार्जरबद्दल एवढी चर्चा तरी झाली. बोर्डाच्या पोटात बसवलेला चार्जर मात्र कोणी उघडून बघत नाही. तो बोर्डाबरोबर विकला जातो, आणि बोर्ड घेताना माणूस वायर किती मीटर आहे आणि सॉकेट किती आहेत एवढेच विचारतो.

आता या मापाला वऱ्हाडात आणून बघू, कारण मानकातला एक शब्दप्रयोग इथे फार महत्त्वाचा ठरतो. मघाचे ५ मिलिमीटर ज्या हवेसाठी आहेत तिला मानकाच्या भाषेत प्रदूषणाची दुसरी पातळी म्हणतात: धूळ आहे, पण ती कोरडी, वीज न वाहणारी, दव क्वचितच. तिसऱ्या पातळीत धूळ ओली होऊन वीज वाहू लागते असे गृहीत धरले आहे, आणि तिथे त्याच व्होल्टेजला, त्याच प्लास्टिकवर पाचाऐवजी ८ मिलिमीटर लागतात. नांदगाव पेठच्या कापड उद्योगाच्या परिसरात सूत, कपाशीचे तंतू, रस्त्याची धूळ हे सगळे हवेत असते. उन्हाळ्यात कूलरचा वारा ते खोलीभर फिरवतो. बोर्ड जमिनीवर पडलेला, सॉकेटची तोंडे आकाशाकडे. मे महिन्यात आत गेलेले तंतू निरुपद्रवी असतात. जूनअखेर पावसाची दमट हवा आली, किंवा त्याच कूलरच्या पाण्याचा फवारा रोज त्या कोपऱ्यात बसला, की तेच तंतू ओलावा धरतात आणि सीमेवर एक बारीक पूल तयार होतो. त्यातून सूक्ष्म प्रवाह वाहतो, प्लास्टिक काळे पडते, काळा भाग कार्बनचा असतो म्हणून प्रवाह वाढतो. पट्टीत मारलेली खाच या वेळी कामाला येते. ओली धूळ आरपार भोकावरून सहज पूल बांधू शकत नाही. मला या एका खाचेचे फार कौतुक वाटते. तिला खर्च जवळजवळ शून्य आहे आणि ती नसल्यामुळे होणारे नुकसान मोजता येत नाही.

दुसरी गोष्ट उष्णतेची. अमरावती-अकोल्याला मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जाणे ही बातमी राहिलेली नाही. टिनाच्या छपराखाली तो आणखी वर असतो. प्लग आणि सॉकेटसाठी आपले मानक आहे आयएस १२९३. त्यात एक चाचणी अशी आहे की ठरलेला प्रवाह सोडल्यावर जोडणीच्या ठिकाणचे तापमान भोवतालापेक्षा ४५ अंशांहून जास्त चढता कामा नये. प्रयोगशाळेतल्या २५ अंशांत हे ७० वर थांबते. टिनाखाली ४५ अंश धरले तरी अगदी काठावर पास झालेला सॉकेट ९० ला पोचतो. घरगुती वायरीच्या साध्या पीव्हीसी आवरणाची मर्यादा ७० अंश आहे. केबलच्या क्षमतेचे भारतीय तक्तेही ४० अंश हवेवर बांधलेले आहेत. म्हणजे वऱ्हाडात उन्हाळ्याचे दोन महिने बोर्डावर छापलेला आकडा पूर्ण वापरायचा नसतो. थोडा हात राखून वापरायचा असतो. याची झळ आतल्या चार्जरलाही बसते. त्यातले इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर दर १० अंश वाढीला सुमारे निम्म्या आयुष्यावर येतात, असा अभियंत्यांचा नेहमीचा ठोकताळा आहे.

वायरीचे गणित एकदा करून बघावे, ते सोपे आहे. ६ अँपिअरचा सॉकेट म्हणजे २३० गुणिले ६, १,३८० वॉट. पाणी तापवायचा रॉड बहुधा १,५०० वॉटचा. तो ६ अँपिअरच्या बोर्डाला लावला की मर्यादा तिथेच ओलांडली. आता बोर्डाची वायर पाच मीटर आणि आतले तांबे अर्धा चौरस मिलिमीटर धरा. अशा तांब्याचा रोध किलोमीटरला ३९ ओहम. जाऊन-येऊन दहा मीटरचा ०.३९ ओहम. साडेसहा अँपिअर वाहिले तर वायरीत १६ वॉटहून जास्त उष्णता होते. वायर पसरलेली असेल तर ती हवेत विरते. तिचे वेटोळे करून रबर लावून पलंगामागे टाकली असेल तर ती सगळी एका मुठीएवढ्या जागेत साठते. दीड चौरस मिलिमीटरची वायर असती तर याच भाराला उष्णता एक तृतीयांश झाली असती. दुकानात वायर किती लांब हे विचारतो तसे ती किती जाड हेही विचारले पाहिजे. वायरीच्या अंगावरच ते छापलेले असते.

आणि इथे भारतीय व्यवस्थेतली एक उणीव स्पष्ट सांगायला हवी. आपले गोल पिनांचे प्लग ब्रिटिशांच्या बीएस ५४६ या १९३४ च्या मानकातून आले. पुढे ब्रिटनने १९४७ मध्ये बीएस १३६३ हे नवे मानक आणले, चौकोनी पिनांचे, आणि प्रत्येक प्लगमध्ये फ्यूज घातला. आपण जुने गोल पिनांचे घराणे चालू ठेवले. ५ आणि १५ अँपिअरचे पुढे ६ आणि १६ झाले. प्लगमध्ये फ्यूज आला नाही. त्यामुळे अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या बोर्डाच्या वायरीला राखणारा म्हणून काय उरते? मीटरजवळचा एमसीबी, म्हणजे जादा प्रवाह झाला की आपोआप पडणारा स्विच, जो १६ किंवा ३२ अँपिअरचा असू शकतो. जुन्या घरात किटकॅट फ्यूज, आणि त्यात कंपनीची फ्यूजवायर जाऊन तांब्याच्या दोन-चार तारा पिळून घातलेल्या. वायर वितळेल, पण फ्यूज जाणार नाही. म्हणून बोर्डावरच स्वतःचा छोटा ओव्हरलोड स्विच असणे, दाबल्यावर पुन्हा चालू होणारे ते काळे बटन, ही चैनीची गोष्ट नाही.

या सगळ्यात डेटाची तार कुठे आली? बोर्डावर टेलिफोन किंवा इथरनेटची तोंडे देण्यामागे एक चांगला विचार होता, आणि तो समजून घेतला की अर्थिंगचे महत्त्व आपोआप कळते.

जवळपास वीज पडली की विजेच्या वाहिनीत आणि टेलिफोनच्या तारेत वेगवेगळ्या वाटेने, वेगवेगळ्या उंचीच्या लाटा येतात. संगणक या दोन्हींना जोडलेला असतो. एका बाजूला एक हजार व्होल्ट आणि दुसऱ्या बाजूला शून्य, तर तो फरक मधल्या मदरबोर्डावरून वाहतो. दोन्ही तारा एकाच पेटीतून नेल्या आणि दोघींच्या लाटा त्या पेटीतल्या एकाच अर्थपट्टीवर उतरवल्या तर दोन्ही बाजू एकत्र वर जातात, एकत्र खाली येतात. त्यांच्यात फरक उरत नाही. यासाठी आत धातूच्या ऑक्साइडच्या टिकल्या बसवतात, व्हॅरिस्टर. जपानच्या मात्सुशिता कंपनीत मिचिओ मात्सुओका यांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात जस्ताच्या ऑक्साइडचा हा गुण हेरला. ठरलेल्या व्होल्टेजपर्यंत टिकली बंद दारासारखी वागते, त्यापुढे क्षणात उघडते.

पण ती उघडून वीज सोडते कुठे? अर्थच्या तारेत. आणि अर्थच नसेल तर? स्वस्त बोर्डांमध्ये तीन भोकांच्या सॉकेटच्या मागे दोनच तारांची वायर असणे फार सर्रास आढळते. प्लगला तिसरी पिन दिसते, जाड, लांब, चकचकीत. ती लांब का असते तर प्लग घालताना अर्थ सगळ्यांत आधी जोडला जावा आणि काढताना सगळ्यांत शेवटी सुटावा म्हणून. एवढा विचार करून ठेवलेल्या पिनेमागे तार नसावी याचे मला फार वाईट वाटते. अशा बोर्डात टेलिफोनच्या तारेवरून आलेली लाट अर्थपट्टीवर उतरते, तिथून पुढे वाट सापडत नाही म्हणून व्हॅरिस्टरमधून फेज-न्यूट्रलकडे किंवा संगणकाकडेच जाते. संरक्षणासाठी घेतलेली पेटी दोन वाहिन्यांना जोडणारा रस्ता बनते.

वीज पडली नाही तरी अर्थ नसल्याचे परिणाम रोज जाणवतात. संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये रेडिओ गोंगाट गाळण्यासाठी दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजपासून धातूच्या पेटीपर्यंत आणि दुसरा न्यूट्रलपासून पेटीपर्यंत. अर्थ जोडलेला असेल तर त्यातून झिरपणारा प्रवाह जमिनीत जातो. अर्थ तुटला की पेटी मधल्यामध्ये, सुमारे ११५ व्होल्टवर तरंगू लागते. हात लावला की मुंग्या येतात. लोक म्हणतात, थोडा करंट मारते, काही होत नाही. या स्थितीत संगणकाला यूएसबीने प्रिंटर जोडा, आणि प्रिंटर दुसऱ्या, अर्थ असलेल्या पॉइंटवर असू द्या. यूएसबी केबलचे जाळीदार आवरण आता अर्थच्या तारेचे काम करू लागते. जोडताना बारीक ठिणगी दिसते. कधी प्रिंटरचा पोर्ट जातो, कधी संगणकाचा, आणि दोष केबलला दिला जातो.

तालुक्याच्या गावातल्या आपले सरकार सेवा केंद्रात हे चित्र सहज दिसेल. एक संगणक, एक प्रिंटर, स्कॅनर, बोटांचे ठसे घेणारे यंत्र, राउटर, सगळे एकमेकांना डेटाच्या तारांनी बांधलेले आणि विजेसाठी एक-दोन बोर्डांवर टांगलेले. पेरणीच्या दिवसांत शेतकरी ओल्या हाताने येतो आणि ठशाच्या यंत्रावर अंगठा ठेवतो. प्रत्येक चार्जरमधून कायदेशीर मर्यादेत झिरपणारा प्रवाह असतोच. दुहेरी आवरणाच्या उपकरणाला आयएस १३२५२ ने ०.२५ मिलिअँपिअरची मर्यादा घातली आहे, आणि २.२ नॅनोफॅरडचा नेहमीचा कपॅसिटर ०.१६ मिलिअँपिअर सोडतो. एकटा असताना तो जाणवतही नाही. मात्र डेटाच्या तारांनी सहा उपकरणे जोडली की सहांचे झिरपणे एकत्र होते आणि पहिला जो माणूस हात लावेल त्याच्यातून जमिनीकडे जाते. त्यातल्या एकाच्या आतली पाच मिलिमीटरची सीमा फसली तर सगळ्यांच्या अंगावर २३० व्होल्ट येतात. डेटाची तार जोडलेल्या उपकरणात एकट्याची सुरक्षितता राहत नाही. अशा केंद्रांना तरी तीन तारांची वायर आणि तपासलेला अर्थ असल्याखेरीज बोर्ड लावू देऊ नये, असे मला ठामपणे वाटते.

तपासलेला अर्थ म्हणजे काय, हाही प्रश्न वऱ्हाडात वेगळा आहे. आपली काळी माती ओली असताना विजेला चांगली वाट देते. पण तिच्यातली चिकणमाती पाण्याने फुगते आणि उन्हाने आक्रसते. एप्रिल-मेमध्ये शेतात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात, तशाच त्या अर्थिंगच्या पाइपभोवतीही पडतात. पाइप आणि माती यांच्यात हवा शिरते, रोध वाढतो. दिवाळीत तपासलेले अर्थिंग उत्तम निघाले म्हणून मे महिन्यात ते तसेच असेल याची खात्री धरता येत नाही. अर्थिंगच्या भारतीय संहितेत, आयएस ३०४३ मध्ये, इलेक्ट्रोड कायम ओलावा असलेल्या थरापर्यंत नेण्यावर भर आहे. कोळसा आणि मिठाचा थर, वरून पाणी घालायची नळी, हे जुने वायरमन करतात त्याला आधार आहे. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्यातून दोनदा बादलीभर पाणी ओतणे हा काळ्या मातीतला सगळ्यांत स्वस्त सुरक्षा-उपाय आहे. त्यासोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असावा. गेलेला आणि परत आलेला प्रवाह तो तोलत राहतो, आणि माणसाच्या अंगातून जमिनीकडे प्रवाह जाऊ लागला की अर्थची तार नसली तरी सेकंदाच्या अंशात पुरवठा तोडतो. एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल असेल तर मात्र त्यालाही काही कळत नाही.

व्हॅरिस्टरकडे परत यायला हवे, कारण त्यांच्यामुळे आगही लागू शकते. दर लाटेगणिक ते थोडे झिजतात. आणि वऱ्हाडातल्या गावांना माहीत असलेला एक प्रसंग त्यांना सहन होत नाही: डीपीवरचा न्यूट्रल तुटणे. तीन फेजांचा तोल गेला की कमी भार असलेल्या फेजवरच्या घरांत व्होल्टेज ३००, ३५०, कधी ४०० च्या जवळ जाते. बल्ब क्षणभर पांढरे होतात, टीव्ही जळतात. लाट क्षणभराची असते म्हणून व्हॅरिस्टर तिला पुरतो. हे वाढलेले व्होल्टेज मात्र मिनिटानुमिनिटे टिकते आणि टिकली लाल होईपर्यंत तापते. म्हणून तिला चिकटून तापमानाने तुटणारा फ्यूज हवा, आणि कवचाचे प्लास्टिक पेट न घेणारे हवे. कवचाची परीक्षा तापलेल्या तारेने घेतात: भागाच्या कामानुसार ६५० ते ८५० अंशांपर्यंत लाल केलेली तार प्लास्टिकवर टेकवायची, आणि काढल्यावर ज्योत ठरलेल्या सेकंदांत विझली पाहिजे. अमेरिकेत लाट-रोधकांसाठी यूएल १४४९ आणि बोर्डांसाठी यूएल १३६३ अशी स्वतंत्र मानके आहेत. एका बोर्डाला दुसरा बोर्ड जोडू नये, ही सूचना तिथल्या बोर्डांवर छापलेली असते. आपल्या मांडवांत आणि वसतिगृहांत बोर्डाला बोर्ड जोडत खोलीच्या टोकापर्यंत जाणे नेहमीचे आहे.

टेलिफोनच्या तोंडाचे मात्र दिवस संपत आले. घरात आता काचेचा तंतू येतो, आणि काच वीज वाहत नाही. विजांच्या दिवसांत ही फार मोठी सोय झाली. फक्त खांबावरून घराकडे येणाऱ्या काही ड्रॉप केबलमध्ये आधारासाठी पोलादी तार असते. ती घराच्या आत आणू नये, बाहेरच तोडून ठेवावी. ढग जमले, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेच्या दामिनी ॲपवर आपल्या भागाचा इशारा आला, तर राउटरचा प्लग आणि डेटाची तार दोन्ही काढून ठेवणे कोणत्याही व्हॅरिस्टरपेक्षा भरवशाचे आहे.

दुकानात काय पाहावे? आयएसआय चिन्ह पाहावे, एवढे सगळे सांगतात. पण त्या चिन्हाच्या वरचा आकडा वाचावा. तिथे आयएस ६९४ असेल तर ते प्रमाणपत्र फक्त वायरीचे आहे. पेटीवर वायरीचे चिन्ह ठळक छापून बोर्डाबद्दल मौन बाळगलेला माल बाजारात मिळतो, आणि गिऱ्हाईक समाधानाने घेऊन जाते. प्लग आणि सॉकेटसाठी आयएस १२९३ हवा. चिन्हाखाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो; तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की परवाना कोणाचा आणि चालू आहे का ते दिसते. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या सक्तीच्या नोंदणीत, जी २०१२ च्या आदेशाने सुरू झाली, चिन्हासोबत आर ने सुरू होणारा क्रमांक येतो. तोही त्याच ॲपमध्ये तपासता येतो. यूएसबी असलेल्या बोर्डात असे दोन मानकांचे प्रदेश एकत्र आलेले असतात, आणि दोन्हींचे उत्तर विक्रेत्याकडे मागायला हरकत नाही. जगभरातच ही सांधेजोड उशिरा झाली: यूएसबी पुरवठा अंगात असलेल्या सॉकेटसाठी आयईसी ६०८८४-३-१ हे स्वतंत्र मानक २०२१ मध्ये आले. त्याच वर्षी यूएसबीची ताकद ४८ व्होल्ट आणि २४० वॉटपर्यंत वाढवण्यात आली. ४८ चा आकडा सुरक्षित मानलेल्या ६० व्होल्टच्या आत बसतो, पण मोबाइलच्या ५ वॉटसाठी आखलेले तोंड आणि २४० वॉटचे तोंड यांच्या आतल्या उष्णतेत केवढा फरक पडेल ते सांगायला नको.

हातात घेतल्यावर आणखी थोडे पाहता येते. सॉकेटच्या भोकांत झडपा आहेत का? मानकात एक मिलिमीटर जाडीची तार टोचून त्या तपासतात, कारण मुले नेमके तेच करतात. वायर बोर्डात शिरते तिथे ओढून पाहावी. चाचणीत ती शंभर वेळा ओढतात. सगळ्या देशांचे प्लग बसतील अशी रुंद भोके असलेला सॉकेट टाळावा. त्यात आपली गोल पिन कडेला कशीबशी टेकते, आणि टेकण्याची जागा लहान झाली की तिथेच उष्णता होते. बोर्ड घरी आणल्यावर वायरमनकडून अर्थची जोडणी प्लगच्या पिनेपासून सॉकेटच्या भोकापर्यंत मीटरने तपासून घ्यावी. एका मिनिटाचे काम आहे. आणि यूएसबीच्या भागाला स्वतःचा स्विच असलेला बोर्ड घ्यावा, नाहीतर तो चार्जर दिवसरात्र, उन्हाळा-पावसाळा, २३० व्होल्टवर जागा राहतो.

खरे पाहता बोर्ड ही तात्पुरती वस्तू आहे. ती कायमची झाली कारण भिंतीत सॉकेट कमी आहेत. घरातल्या वीजमांडणीची भारतीय मार्गदर्शिका, आयएस ४६४८, १९६८ ची आहे, आणि राष्ट्रीय विद्युत संहितेत खोलीनिहाय सॉकेटची संख्या सुचवलेली आहे. मार्गदर्शिकेतले अंदाज मोबाइल, राउटर आणि लॅपटॉप यांचा संसार मांडायच्या आधीचे आहेत, आणि आपली घरे तेवढेही पाळत नाहीत. नांदगाव पेठला १,००० एकरांवर पीएम मित्रा वस्त्रोद्योग पार्क उभे राहायचे आहे. २० सप्टेंबर २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. या योजनेत कामगारांच्या वसतिगृहांचा आणि घरांचा समावेश आहे. त्या खोल्यांचे नकाशे काढताना प्रत्येक खाटेच्या उशाशी अर्थ असलेला एक सॉकेट, कूलरसाठी खिडकीजवळ वेगळा १६ अँपिअरचा पॉइंट, दारावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि बाहेर पाणी घालता येईल असा अर्थिंगचा खड्डा धरला पाहिजे. हे प्लास्टरच्या आधी ठरते. नंतर भिंतीला खाचा मारण्याचा खर्च कोणी करत नाही, आणि पहिल्या पाळीचे कामगार राहायला आले की त्याच आठवड्यात खोलीत बोर्ड येतो.